क्विड, फायव्हर, ग्रँड: ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी पैशांची बोली

आपल्याकडे ‘क्विड’ म्हटलं की रेनोची छोटी गाडी आठवते. ब्रिटनमध्ये उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात हा शब्द कानावर पडतो आणि त्याचा गाडीशी काडीचाही संबंध नसतो. क्विड म्हणजे एक पाउंड. ‘फाइव्ह क्विड’ म्हणजे पाच पाउंड. अर्थ संपला.

मग यावर लेख कशाला? कारण अडचण क्विड या शब्दात नसतेच. ती असते त्याच्या आधी येणाऱ्या आकड्यात आणि कितीदा तरी गाळल्या जाणाऱ्या एककात. ‘टू फिफ्टी’ ऐकून कोणी अडीच पाउंड समजतो, समोरच्याला अडीचशे म्हणायचे असतात. खोलीचं भाडं, तासाचा पगार, मित्राचं उसनं, बाजारातला भाव, सगळीकडे हीच बोली चालते. म्हणून आधी कान तयार करायचा, जीभ नंतर. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पायरी १: उच्चार

‘क्वचित’ या शब्दातला ‘क्व’ घ्या, त्याला ऱ्हस्व इकार द्या आणि शेवटी ड. ओठांचा चंबू होऊन लगेच सुटला पाहिजे. ‘क्वीड’ असा लांबवलेला उच्चार करू नका आणि ‘किवड’सारखा तोडूही नका. शेवटचा ड आपल्या ‘गड’मधल्या डइतका जड नसतो. जीभ टाळ्याकडे न वळवता वरच्या दातांच्या मागच्या हिरडीला टेकवली की जमतं. अर्थात, आपला ठसठशीत ड लावून म्हटलं तरी कोणी अडखळत नाही. चुकतं ते पुढच्या पायरीवर.

पायरी २: अनेकवचन करू नका

‘टेन क्विड्स’ हे नवख्याचं पहिलं लक्षण. बरोबर रूप ‘टेन क्विड’. आपण ‘पाच किलो कांदे’ म्हणतो, किलोचं अनेकवचन करत नाही, तसंच हे आहे. एक क्विड, दहा क्विड, लाख क्विड, रूप तेच. ‘ग्रँड’ म्हणजे हजार, तोही असाच वागतो: ‘फाइव्ह ग्रँड’, ‘ग्रँड्स’ नाही. लंडनकडे क्विडऐवजी ‘निकर’ही ऐकू येतं, त्यालाही अनेकवचन नाही.

शेवटी ‘स’ लागलेलं एक रूप मात्र सर्रास ऐकू येईल, ‘क्विड्स इन’. हा ठरलेला वाक्प्रचार आहे आणि त्याचा अर्थ फायद्यात असणं. स्वस्तात घेतलेली सायकल दुप्पट किमतीला विकली गेली तर विकणारा ‘क्विड्स इन’. आपल्याकडे ‘चांदी झाली’ म्हणतात, साधारण त्या जागी.

फायव्हर (पाचाची नोट) आणि टेनर (दहाची नोट) यांना हा नियम लागत नाही. ‘टू फायव्हर्स’, ‘थ्री टेनर्स’ असंच म्हणतात. कारण तिथे नोटा मोजल्या जातात, आणि नोटा मोजता येतात.

पायरी ३: आकडा ऐका

इथे थोडं थांबायला हवं, कारण खिशाला खरी चाट इथेच बसते.

पहिलं, सुटे पैसे. पेन्सला बोलताना नुसतं ‘पी’ म्हणतात. ऐंशी पेन्स म्हणजे ‘एटी पी’. एकच असेल तर ‘वन पी’ किंवा ‘अ पेनी’. पाउंड आणि पेन्स दोन्ही असतील तर दोन्ही एककं गाळून नुसते आकडे सांगतात: १ पाउंड २० पेन्सला ‘वन ट्वेंटी’, ४ पाउंड ९९ पेन्सला ‘फोर नाइन्टी नाइन’. क्विड हा शब्द सहसा पूर्ण आकड्याशीच येतो. पावतीवर ४.९९ असेल तर गल्ल्यावरचा माणूस ‘फोर नाइन्टी नाइन’ म्हणेल आणि घरी येऊन तुमचा रूममेट त्यालाच ‘फाइव्ह क्विड’ म्हणेल.

दुसरं, ते कुप्रसिद्ध ‘टू फिफ्टी’. कॉफीच्या दुकानात त्याचा अर्थ अडीच पाउंड. जुन्या सायकलीच्या सौद्यात अडीचशे. घराच्या किमतीबद्दल बोलणं चाललं असेल तर अडीच लाख. हे विचित्र वाटत असेल तर स्वतःची मराठी आठवा: कांदे चाळीसला मिळाले आणि शेजाऱ्यांचा फ्लॅट ऐंशीला गेला. आपल्याला गोंधळ होत नाही, कारण वस्तूची साधारण किंमत माहीत असते. नव्या देशात नेमकी तीच माहिती नसते. म्हणून पहिले काही महिने एकक गाळलेला प्रत्येक आकडा एककासह परत विचारा: ‘टू हंड्रेड अँड फिफ्टी पाउंड्स?’ यात लाजण्यासारखं काही नाही, इथली माणसंही विचारतात.

तिसरं, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’. ‘फिफ्टी’त जोर पहिल्या अक्षरावर असतो आणि शेवटचं ‘टी’ पटकन संपतं. ‘फिफ्टीन’मध्ये ‘टीन’ लांबतं. गजबजलेल्या बाजारात हा फरक विरून जातो. ‘थर्टीन’–‘थर्टी’चीही तीच गत. अशा वेळी अंक सुटे करून विचारायचे: ‘वन फाइव्ह?’ समोरचा ‘नो, फाइव्ह झीरो’ किंवा ‘फाइव्ह ओ’ म्हणेल. शून्याला ‘ओ’ म्हणायची पद्धत सर्रास आहे.

चौथी गोष्ट मात्र मराठी माणसाच्या सोयीची आहे. ‘ट्वेल्व्ह हंड्रेड क्विड’ म्हणजे बाराशे. हजारानंतरही शेकड्यांत मोजण्याची सवय आपल्याला घरचीच आहे. ‘अ ग्रँड’ एक हजार, ‘अ ग्रँड अँड अ हाफ’ दीड हजार, ‘टू अँड अ हाफ ग्रँड’ अडीच हजार. लाख मात्र इथे नाही. दोन लाखांना ‘टू हंड्रेड ग्रँड’ आणि अडीच लाखांना ‘क्वार्टर ऑफ अ मिलियन’ म्हणतात. पगाराच्या गप्पांत हजारासाठी ‘के’ चालतं: ‘थर्टी फाइव्ह के’ म्हणजे पस्तीस हजार, आणि तोही वर्षाचा. पगार महिन्याचा सांगायची पद्धत नाही. नोकरीची बोलणी करताना पस्तीस हजार ऐकून ‘दरमहा’ असं मनात आलं, तर ते लगेच काढून टाका.

पाचवं, अंदाजाचे शब्द. ‘अ कपल ऑफ क्विड’ म्हणजे अक्षरशः दोनच असं नाही, दोन-तीन पाउंड, किरकोळ. ‘अ फ्यू क्विड’ मात्र सूर ओळखून घ्यायचं. ‘इट्स ओन्ली अ फ्यू क्विड’ म्हणजे खरोखर थोडेच. पण कोणी नव्या स्वयंपाकघराकडे बघत ‘दॅट मस्ट हॅव कॉस्ट अ फ्यू क्विड’ म्हणालं, तर त्याला ‘बरेच मोजलेले दिसतात’ असं म्हणायचंय. कमी बोलून जास्त सुचवायची ही खास इंग्रजी खोड आहे. ‘अ फ्यू बॉब’ही याच चालीवर. बॉब म्हणजे जुना शिलिंग, त्याची गोष्ट पुढे येईल.

सहावं, दर कशाचा ते. ‘टेन क्विड अ पॉप’ म्हणजे नगाला किंवा खेपेला दहा. ‘अ हेड’ म्हणजे माणशी. ‘ईच’ म्हणजे प्रत्येकी. चारजण जेवायला जाताना ‘ट्वेंटी क्विड अ हेड’ ऐकलं तर एकूण ऐंशी. ‘हेड’ ऐकायचं राहिलं तर बिल आल्यावर चेहरा उतरतो.

लंडनच्या रस्त्यावरच्या बाजारात फळं-भाज्या स्टीलच्या वाडग्यांत मांडून ठेवलेल्या दिसतात आणि विक्रेते ‘पाउंड अ बोल’ असं ओरडत असतात. हा आपला वाटाच. वाडगं दाखवायचं, तो ते पिशवीत उलटं करतो. वजन विचारू नका, निवडून घ्यायचा हट्टही नको. खालची दोन टोमॅटो नरम निघणार, हे किमतीत धरलेलं असतं.

पायरी ४: भाडं आणि पगार ऐकताना वही काढा

खोली बघायला गेल्यावर घरमालक ‘टू हंड्रेड क्विड’ म्हणतो. आठवड्याचे की महिन्याचे? ब्रिटनमध्ये दोन्ही पद्धती आहेत, विद्यार्थ्यांच्या घरांत आठवड्याची जास्त. आणि आठवड्याचं भाडं गुणिले चार म्हणजे महिन्याचं भाडं, ही नव्याने आलेल्यांची नेहमीची चूक. वर्षात आठवडे ५२, महिने १२. म्हणून आठवड्याचा आकडा ५२ ने गुणायचा आणि १२ ने भागायचा. २०० पाउंड आठवड्याचं भाडं म्हणजे महिन्याला ८०० नव्हे, ८६६ पाउंड ६७ पेन्स. महिन्यामागे जवळजवळ ६७ पाउंडांचा फरक, आणि वर्षाला ८००.

अनामतीचंही असंच. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने, वर्षाचं भाडं ५० हजार पाउंडांपेक्षा कमी असेल, तर अनामत जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याइतकी घेता येते. महिना बाराशे भाडं असेल तर १,२०० गुणिले १२, भागिले ५२, म्हणजे आठवड्याचे सुमारे २७७. पाच आठवड्यांचे सुमारे १,३८४. कोणी ‘अ ग्रँड अँड अ हाफ डिपॉझिट’ असं सहज म्हणून गेला तर तो आकडा मर्यादेबाहेर आहे. खोली अडवून ठेवण्यासाठी जी रक्कम मागतात तीही एका आठवड्याच्या भाड्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे या उदाहरणात ‘थ्री हंड्रेड क्विड टु होल्ड इट’ हेही जास्तच. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये नियम वेगळे आहेत, तिथे हा हिशेब लावू नका. आणि खोली न बघता, भारतात बसून, कोणालाही एक क्विड पाठवू नका.

पगाराच्या बाबतीत ‘अ टेनर ॲन अवर, कॅश इन हँड’ हे वाक्य ओळखून ठेवा. म्हणजे तासाला दहा पाउंड, रोख. एप्रिल २०२५ पासून २१ वर्षं आणि त्यावरच्या कामगाराचं किमान वेतन तासाला १२ पाउंड २१ पेन्स झालं आणि ते दर एप्रिलमध्ये बदलतं. त्याहून कमी देणं बेकायदा आहे, रोख दिलं तरी. बोली जितकी गोड, तितकी पगारपत्रकाची चौकशी आधी करा: ‘विल आय गेट अ पेस्लिप?’ या प्रश्नावर समोरचा विषय बदलू लागला, तर तुम्हाला उत्तर मिळालेलं असतं.

पायरी ५: क्विडचं गणगोत

‘फायव्हर’ म्हणजे पाचाची नोट, आणि पाच पाउंड ही रक्कमही. ‘टेनर’ तसंच दहाचं. वीस आणि पन्नासच्या नोटांना असं रुळलेलं नाव नाही, ‘अ ट्वेंटी’, ‘अ फिफ्टी’ म्हणतात. हे चार आणि ग्रँड एवढं आलं की रोजचं काम भागतं. पुढचं फक्त समजण्यापुरतं, वापरण्यासाठी नाही.

‘स्कोर’ म्हणजे वीस. आपली कोडी! वीस नगांची कोडी आणि ‘तीन विसा साठ’ असं मोजणाऱ्या आजीला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. ‘पोनी’ पंचवीस, ‘टन’ शंभर, ‘मंकी’ पाचशे. क्रिकेटमध्ये शतकालाही ‘टन’ म्हणतात, ते बहुतेकांना ठाऊक असतं. मंकीबद्दल एक कथा फार फिरते: ब्रिटिश राजवटीत भारतातल्या पाचशेच्या नोटेवर माकडाचं चित्र होतं, सैनिकांनी तो शब्द लंडनला नेला. ऐकायला छान आहे. पण अशी नोट कधी निघाल्याचा पुरावा नाही. पबमध्ये कोणी ही कथा तुम्हालाच, भारतीय म्हणून, उत्साहाने ऐकवली तर ऐकून घ्या.

लंडनच्या पूर्व भागातली यमकी बोली हा आणखी एक खेळ. मूळ शब्दाशी यमक जुळणारं नाव घ्यायचं. ‘लेडी गोडायव्हा’ म्हणजे फायव्हर. ‘आयर्टन सेना’ म्हणजे टेनर, हा ब्राझीलचा रेसिंग ड्रायव्हर. ‘पॅव्हरॉटी’सुद्धा टेनर, पण तिथे यमक नाही, श्लेष आहे: पॅव्हरॉटी टेनर गायक होते, म्हणजे पुरुषांच्या उंच पट्टीत गाणारे. ‘बॅग ऑफ सँड’ म्हणजे ग्रँड.

आणि ‘स्क्विड’. हे क्विडचं गमतीचं रूप. स्क्विड म्हणजे आपलं म्हाकूळ. त्यावरचा जुना विनोद असा: आजारी म्हाकूळ दुसऱ्याच्या हवाली करत एक मासा म्हणतो, ‘हिअर्स द सिक स्क्विड आय ओ यू.’ भरभर म्हटलं की ‘सिक्स क्विड’ ऐकू येतं, उसने घेतलेले सहा पाउंड. हा विनोद कळला म्हणजे पायरी १ चा उच्चारही बसला समजा.

पैसे नसण्याचेही शब्द लागतात. ‘स्किंट’ म्हणजे कफल्लक, खिसा रिकामा. मित्र ‘आय ॲम स्किंट’ म्हणाला तर तो सहसा उसनं मागत नसतो, बाहेर जेवायला यायचं टाळत असतो. एकूण पैशाला ‘डॉश’, उत्तरेकडे ‘ब्रास’.

पायरी ६: आता बोलायला लागा, पण जागा पाहून

क्विड असभ्य नाही. दुकानदार, डॉक्टर, प्राध्यापक सगळे बोलताना वापरतात. पण तो बोलीतला शब्द आहे, आणि कागदावर, सरकारी टेबलावर किंवा मुलाखतीत पाउंडच शोभतो. बँकेत खातं उघडताना, कर खात्याशी फोनवर, भाडेकराराच्या चर्चेत, वकिलासमोर ‘पाउंड’ म्हणा. सहकाऱ्याबरोबर जेवणाचं बिल वाटताना, बाजारात, टॅक्सीत, पबमध्ये ‘क्विड’ म्हणा. वरिष्ठ स्वतः क्विड म्हणत असतील तरच त्यांच्याशी तुम्हीही म्हणा, हा सोपा ठोकताळा.

सुरुवातीला तीनच वाक्यं जिभेवर बसवली तरी पुरे. ‘कॅन यू लेंड मी अ टेनर?’ म्हणजे दहा पाउंड उसने देतोस का. ‘आय ओ यू फाइव्ह क्विड’ म्हणजे तुझे पाच माझ्याकडे राहिलेत. ‘हाऊ मच वॉज इट, अबाउट थर्टी क्विड?’ म्हणजे साधारण तीसेक झाले का. दुसरं वाक्य सगळ्यात उपयोगी, कारण इथे पाच पाउंडांचं देणंसुद्धा लक्षात ठेवून त्याच संध्याकाळी बँकेच्या ॲपवरून परत करतात. ‘असू दे रे, एवढ्यासाठी काय’ हा आपला पवित्रा पहिल्यांदा चालतो, तिसऱ्यांदा समोरच्याला अवघड वाटतं. पबमध्ये हिशेबाची तऱ्हा वेगळी: तिथे आळीपाळीने प्रत्येकजण सगळ्यांसाठी पेयं आणतो. तुमची पाळी चुकवून ‘माझ्या ज्यूसचे तीन क्विड घे’ म्हणणं कंजूषपणाचं दिसतं.

लिहिताना दोन चुका टाळा. पाउंडाचं चिन्ह आणि क्विड एकत्र लिहू नका. चिन्ह लावून दहा आणि पुढे पुन्हा क्विड म्हणजे पिवळं पीतांबर. एक तर चिन्ह, नाहीतर शब्द. आणि चिन्ह आकड्याच्या आधी येतं, नंतर नाही. क्विड इंग्रजीत लिहिताना पहिलं अक्षर लहानच.

अति करू नका. नवा आलेला माणूस पहिल्याच महिन्यात ‘पोनी’, ‘मंकी’ म्हणू लागला की टीव्ही मालिकेतला गुंड बोलतोय असं वाटतं. मुंबईत नवीन आलेल्या परदेशी पाहुण्याने ‘दोन पेटी लागतील’ म्हटलं तर आपल्याला जसं वाटेल, तसंच.

हा शब्द आला कुठून

घाईत असाल तर हे सोडून द्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हलक्या वस्त्यांच्या बोलीत क्विड दिसू लागतो, १६८८ मधला उल्लेख सापडतो. तेव्हा तो सोन्याच्या गिनीसाठी वापरत. व्युत्पत्ती नक्की झालेली नाही. लॅटिनमध्ये ‘क्विड’ म्हणजे ‘काय’ किंवा ‘काहीतरी’, तिथून आला असावा हा एक तर्क आहे. दुसरी कथा क्विडहॅम्प्टन नावाच्या गावातल्या कागदगिरणीची, तिथे नोटांचा कागद बनायचा म्हणून हे नाव पडलं, अशी. पण बँक ऑफ इंग्लंड १६९४ मध्ये निघाली आणि तिची एक पाउंडाची नोट १७९७ मध्ये. शब्द त्याआधीचा आहे. त्यामुळे गिरणीची कथा पटण्यासारखी नाही. तोंडात धरायच्या तंबाखूच्या गोळीलाही इंग्रजीत क्विड म्हणतात, तो शब्द वेगळा, रवंथ या अर्थाच्या शब्दापासून आलेला.

‘बॉब’ची गोष्ट जास्त कामाची. जुन्या पद्धतीत एका पाउंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे पाउंडाला २४० पेन्स. शिलिंगाला बोलीत बॉब म्हणत. भारताने १ एप्रिल १९५७ ला आणे-पै सोडून दशमान पैसे आणले, ब्रिटनला त्यासाठी १५ फेब्रुवारी १९७१ उजाडावा लागला. आपल्याकडे आणे जाऊन इतकी वर्षं झाली तरी ‘सोळा आणे खरं’ जिवंत आहे, तसाच त्यांच्याकडे बॉब उरला आहे. जुनं घड्याळ पाहून म्हातारे गृहस्थ ‘वर्थ अ फ्यू बॉब’ म्हणतील, तेव्हा शिलिंगांचा हिशेब करत बसू नका. ‘बऱ्यापैकी किमती’ एवढाच अर्थ.

सीमेपलीकडे

आयर्लंडच्या प्रजासत्ताकात युरो चालतो, पण तिथले लोक युरोलाही क्विड म्हणतात. डब्लिनला ‘ट्वेंटी क्विड’ म्हणजे वीस युरो. बेलफास्टला तेच शब्द, पण वीस पाउंड, कारण उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग आहे. बेलफास्टहून डब्लिनला जाणाऱ्या बसमध्ये बसताना पाकिटात दोन्ही चलनं ठेवा. ऑस्ट्रेलियात १९६६ मध्ये डॉलर आल्यावर क्विड म्हणीपुरता राहिला.

स्कॉटलंडमध्ये क्विडचा अर्थ तोच, नोट वेगळी. तिथल्या तीन बँका स्वतःच्या पाउंडाच्या नोटा छापतात. किंमत सारखीच असली तरी लंडनचा दुकानदार ती घ्यायला नाही म्हणू शकतो. एडिनबराहून परतताना त्या तिथेच खर्च करा, नाहीतर आपल्या बँकेत भरा.

खिशात एक खरा क्विड असू द्या

आता बहुतेक व्यवहार कार्डावर होतात. लंडनच्या बसमध्ये तर जुलै २०१४ पासून रोख घेतच नाहीत, चालकापुढे टेनर धरून उभं राहिलात तर मागची रांग खोळंबते. तरी नोटा-नाणी ओळखता यायला हवीत.

पाचाच्या नोटेवर चर्चिल, दहाच्या नोटेवर जेन ऑस्टेन, विसाच्या नोटेवर चित्रकार टर्नर, पन्नासच्या नोटेवर गणितज्ञ ॲलन ट्युरिंग. दुसऱ्या बाजूला राणी एलिझाबेथ किंवा, जून २०२४ पासून आलेल्या नोटांवर, राजा चार्ल्स. दोन्ही चालतात. सगळ्या नोटा प्लास्टिकच्या आहेत. कोणी काकांनी जुन्या सहलीतून उरलेल्या कागदी नोटा निघताना हातात दिल्या असतील तर त्या दुकानात चालणार नाहीत, वीस आणि पन्नासच्या शेवटच्या कागदी नोटाही ३० सप्टेंबर २०२२ नंतर व्यवहारातून गेल्या. फेकू नका. बँक ऑफ इंग्लंड आपल्या सगळ्या जुन्या नोटा मुदतीशिवाय बदलून देते, टपालानेही.

एक पाउंडाचं नाणं बारा कोनी आहे, कडा सोनेरी, मध्य चंदेरी, वजन ८.७५ ग्रॅम. २८ मार्च २०१७ ला ते आलं, कारण आधीच्या गोल नाण्यांत शंभरात सुमारे तीन नकली निघू लागली होती. खरं नाणं तिरकं करून पाहिलं की राणीच्या किंवा राजाच्या मुखवट्याखालच्या छोट्या चौकटीत पाउंडाचं चिन्ह आणि एकचा आकडा आलटून पालटून दिसतात. गोल नाणं १५ ऑक्टोबर २०१७ ला बाद झालं, कोणी सुट्या पैशांत दिलं तर परत करा.

हे नाणं सगळ्यात जास्त लागतं ते सुपरमार्केटच्या ट्रॉलीला. ट्रॉल्या एकमेकींना साखळीने बांधलेल्या असतात, दांड्यावरच्या खाचेत नाणं सरकवलं की साखळीची कडी बाहेर येते. परत आणून ती कडी खाचेत खुपसली की नाणं बाहेर पडतं. म्हणून दारातच अनोळखी माणूस ‘यू हॅवन्ट गॉट अ क्विड फॉर द ट्रॉली, हॅव यू?’ असं विचारतो. तो भीक मागत नसतो, बहुधा हातात पन्नास पीची दोन नाणी धरून उभा असतो. आणि तुम्ही रिकामी ट्रॉली परत ठेवायला निघालात की गाडीतून उतरलेली एखादी बाई तुमच्यासमोर एक क्विड धरते. तो घ्यायचा, ट्रॉली तिच्याकडे ढकलायची आणि ‘चिअर्स’, म्हणजे इथे ‘थँक्यू’, म्हणायचं.